नॉर्मलबाईंचं रक्त

नॉर्मलबाईंना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत आणि आईच्या तोंडात, एवढ्या दोनच जागी शिल्लक उरलं होतं. रक्त-लघवी तपासायच्या त्या लॅबमध्ये झाडूवालीपासून मालकीण डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नॉर्मलबाईच म्हणत. बाईंना त्याचा राग येत नसे. उलट एखादा नवखा 'मॅडम' म्हणाला तर त्या स्वतःच त्याची चूक सुधारत.

नाव पडायला कारणही तसंच होतं. रोज सकाळी साडेसातला, पहिला पेशंट यायच्या आत, बाई खुर्चीत बसत, डाव्या दंडाला रबरी पट्टा आवळत, त्याचं टोक उजव्या दाढांत घट्ट धरत आणि स्वतःच्याच हाताने स्वतःचं रक्त काढत. हे रक्त मग लॅबमधल्या एकेका यंत्राला चाखायला मिळे. साखरेच्या यंत्राने अठ्ठ्याऐंशी सांगितली की यंत्र शुद्धीवर आहे. एकशे वीस सांगितली की बिघडलंय यंत्रच, कारण बाई बिघडणं शक्य नाही. कंपनीकडून मापाच्या औषधाच्या बाटल्या येत, त्यांवर आकडे छापलेले असत, डॉक्टरीणबाई त्याही लावायला सांगत. पण बाटली फुटते, संपते, उशिरा येते. बाई सव्वीस वर्षांत एकदाही उशिरा आल्या नव्हत्या.

वय अठ्ठावन्न. साखर नाही, प्रेशर नाही, रोज चार किलोमीटर चालणं, चहा बिनसाखरेचा. दम लागलेला पेशंट जिना चढून वर आला की बाई त्याच्याकडे अशा बघत, की बिचाऱ्याचं प्रेशर तिथेच दहाने वाढायचं. एकूण काय, आरोग्याच्या बाबतीत बाई नाकाने कांदे सोलत. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास आखडलेली असत, ते वयाचं. दुपारी चारनंतर अंगातलं कोणीतरी बटण बंद केल्यासारखं होई, ते कामाचं. आणि दात घासताना बेसिनमध्ये लाल पडे, ते ब्रशचं. बाईंनी आधी कडक ब्रश सोडून मध्यम घेतला, मग मऊ, मग त्याहून मऊ, आणि आता त्या जो ब्रश वापरत त्याने दात घासले जात की नुसते कुरवाळले जात हे सांगणं अवघड होतं. रक्त काही थांबलं नव्हतं. सबंध गावाच्या रक्ताचा हिशोब ठेवणाऱ्या बाईंनी बेसिनमधल्या रक्ताचा कधी विचार केला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग नवीन यंत्र आलं.

अंगात कुठे दाह आहे का हे पाहायची सीआरपी नावाची तपासणी असते. ती आजवर तिथे काचेवर होत असे. काचेवर सिरमचा, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, थेंब, त्यात औषधाचा थेंब, दोन मिनिटं काच हलवायची. दही फुटल्यासारखे कण दिसले तर दाह आहे, नाहीतर नाही. दहातल्या नऊ काचा स्वच्छ निघत, आणि बाईंची तर सव्वीस वर्षं स्वच्छच. पण काच दांडगी आग तेवढी ओळखते. नवीन यंत्र बारीक नजरेचं होतं. जिथे काच डोळे मिटून घेई तिथे हे दशांशात आकडा सांगे. एकच्या आत असाल तर छान, तीनच्या वर गेलात तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिल्या सकाळी कंपनीची बाटली लावली, तिच्यावर तीन छापलं होतं, यंत्राने तीन सांगितलं. मग बाईंनी आपलं रक्त लावलं. यंत्राने सांगितलं, चार पूर्णांक सहा.

बाईंनी पुन्हा लावलं. चार पूर्णांक सहा. नळी बदलली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. खोलीत बाई आणि यंत्र दोघंच होती, आणि दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं. एकीची सव्वीस वर्षांची नोकरी झाली होती आणि दुसऱ्याच्या अंगावरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. निकाल लागायला वेळ लागला नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. बाईंनी तर अंगणच उकरलं. यंत्रात दुरुस्तीची एक जागा असते, तिथे आकडा घातला की यंत्र प्रत्येक निकालातून तेवढं वजा करतं. बाईंनी तिथे चार घातले. आपलं रक्त पुन्हा लावलं. शून्य पूर्णांक सहा. बाईंना बरं वाटलं. मग कंपनीची बाटली लावून पाहिली तर ती आता 'शून्य पूर्णांक दोनपेक्षा कमी' दाखवू लागली. बाईंनी वहीत लिहिलं, 'बर्फ वितळून बाटली खराब झालेली आहे,' आणि खाली सही केली. डॉक्टरीणबाई त्या दिवसांत मुलीच्या परीक्षेसाठी रजेवर होत्या. विचारायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी नॉर्मलबाईंना काय विचारणार.

पुढचे नऊ दिवस त्या लॅबमधून एक्केचाळीस माणसांचे रिपोर्ट गेले, आणि बहुतेकांवर 'शून्य पूर्णांक दोनपेक्षा कमी' छापलेलं होतं. दुसऱ्या कोणालाही यात काळंबेरं दिसलं असतं. बाईंना दिसलं नाही, कारण दहातले नऊ स्वच्छ हे चित्र त्यांनी काचेवर जन्मभर पाहिलं होतं. जग जसं होतं तसंच चाललंय, याचा त्यांना आनंदच झाला.

सहाव्या दिवशी एक नळी आली. तिच्यावरचं नाव बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं. सोबतच्या चिठ्ठीवर हृदयाच्या डॉक्टरांची सही होती.

या धाकट्याशी बाई अकरा वर्षं बोलत नव्हत्या.

धाकटा नऊ वर्षांनी लहान. त्याचं नाक पुसलं ते बाईंनी, त्याच्याकडून पाढे घोकून घेतले ते बाईंनी, इंजेक्शनच्या वेळी तो घट्ट पकडायचा ती बाहीही बाईंचीच. मोठा होऊन तो दातांचा डॉक्टर झाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःचा दवाखाना उघडला, त्या दिवशी सगळे नातेवाईक जेवायला होते. कोणीतरी विनोद केला आणि बाई खळखळून हसल्या. तेव्हा त्या तशा हसत असत. समोर बसलेल्या धाकट्याने त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि नव्या दवाखान्याच्या धुंदीत, तीसेक माणसांच्या देखत म्हणाला, "ताई, हिरड्या सडल्यात तुझ्या. इथपर्यंत वास येतोय."

तीसेक माणसं हसली. हा पहिल्या विनोदापेक्षा बरा होता.

बाईंनी ताट सरकवलं आणि उठल्या. तेव्हापासून धाकट्याशी बोलणं बंद, आणि हसायचं झालं तर तोंडावर हात. दातांच्या डॉक्टरकडे जाणंही बंद, कारण कुठल्याही दातवाल्याकडे गेल्या असत्या तर धाकट्याचं खरं ठरलं असतं. त्यापेक्षा ब्रश बदललेला बरा. माणूस हट्टाला पेटला की स्वतःचं घर जाळून शेजाऱ्याला धूर दाखवतो.

तरी दर रविवारी दोघं आईकडे एकाच टेबलावर जेवत, कारण चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीने बजावलं होतं की भांडा, मरा, पण रविवारी जेवायला या. मीठ बाईंच्या हाताशी असे. धाकटा म्हणे, "आई, तिला मीठ द्यायला सांग." म्हातारी म्हणे, "त्याला मीठ हवंय." बाई मीठ आईपुढे सरकवत, आई ते धाकट्यापुढे सरकवी. अकरा वर्षं त्या मिठाने असा सरकारी कार्यालयातल्या कागदासारखा प्रवास केला.

तर त्या धाकट्याचं रक्त आता बाईंच्या हातात होतं. त्यांनी ते यंत्रात लावलं. शून्य पूर्णांक तीन.

बाईंना राग आला. त्यांचं स्वतःचं शून्य पूर्णांक सहा, आणि या पोट सुटलेल्या, जिना न चढणाऱ्या माणसाचं त्याच्या निम्मं. रक्तसुद्धा मेलं शहाणपणा दाखवतं. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेवढंच आलं. शेवटी नाइलाजाने सही करून रिपोर्ट पाठवून दिला.

दहाव्या दिवशी कंपनीचा इंजिनियर यंत्राची पाहणी करायला आला. बोलायला मवाळ, चेहरा झोपाळू, आणि नेमकी अशीच माणसं घात करतात. डॉक्टरीणबाई रजेवरून परतल्या होत्या, त्या त्याच्या मागे उभ्या होत्या. त्याने यंत्राच्या पोटातली यादी बाहेर काढली, म्हणजे रिपोर्टवर छापण्याआधीचे कच्चे आकडे. मग त्याने विचारलं, की या गावात माणसांच्या अंगात दाह उणे असतो का.

यादीत रांगेने वजाचे आकडे होते. वजा एक, वजा दोन पूर्णांक तीन. सगळ्यात खाली वजा तीन पूर्णांक सहा. ती बाईंची आई होती. दर तीन महिन्यांनी तिचं रक्त बाईच आणत. इंजिनियरने दुरुस्तीची जागा उघडली, तिथले चार पाहिले, आणि ते कोणी घातले असं न विचारता नवीन बाटली उघडून लावली. मग आणखी एक लावली. दोन्ही बाटल्या आपापल्या आकड्यावर बरोबर बसल्या. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

बाई म्हणाल्या, की एका दिवसाचं काय घेऊन बसलात, त्या दिवशी मला सर्दी असेल. डॉक्टरीणबाईंनी यादीवर बोट ठेवलं. बाई रोज सकाळी आपलं रक्त लावत होत्या, त्यामुळे दहा दिवसांचे दहा आकडे तिथे होते. चार मिळवले की सगळे चार पूर्णांक चार आणि चार पूर्णांक आठ यांच्या मधले. सर्दी दहा दिवस एका जागी उभी राहत नाही. बाईंचा पुरावा बाईंनीच रोज टोचून घेऊन गोळा केला होता.

"जखम झाली की शरीर फौज पाठवतं, काम झालं की फौज परत येते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्यात ती परत आलेलीच नाही, बाई. कुठेतरी तळ ठोकून बसलीय, आणि खाते तुमचंच. ताप येत नाही, दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्तवाहिन्या, सांधे, सगळं वेळेआधी म्हातारं होतं. तुमच्या आईचं किती आहे पाहिलंत?"

वजा तीन पूर्णांक सहात चार मिळवले की शून्य पूर्णांक चार उरतात. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, शून्य पूर्णांक चार. अठ्ठावन्न वर्षांची नॉर्मलबाई, चार पूर्णांक सहा. हा हिशोब बाईंना आवडला नाही, पण तो चुकत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मग तळ कुठे असेल, पोटात, सांध्यात, दातांत? बाई म्हणाल्या, "दात सगळे माझेच आहेत." हे खोटं नव्हतं. मात्र बोलताना हात आपोआप तोंडापाशी गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला.

पण स्वतःचं पुढे बघता येईल. आधी एक्केचाळीस माणसं होती, हातात चुकीचा रिपोर्ट घेऊन निर्धास्त झालेली. चूक कोणाच्या हातून झाली हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही, आणि बाईंनी ते स्वतः सांगितलं, उभं राहून, इंजिनियरच्या देखत. सव्वीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडत होतं आणि ते निघताना बराच त्रास झाला. मग त्या फोनपाशी बसल्या. प्रत्येकाला तेच सांगायचं, रिपोर्ट चुकलाय, चूक माझी आहे, पुन्हा रक्त द्यायला या. एक आजोबा म्हणाले, मला जुनाच आकडा चालेल. एकीने विचारलं, की चुकलेला रिपोर्ट ठेवून घेतला तर चालेल का, नवऱ्याला दाखवायचाय. शिव्या फक्त तिघांनी घातल्या. संध्याकाळपर्यंत चाळीस फोन झाले.

एक्केचाळिसावा राहिला. त्याचा खरा आकडा होता चार पूर्णांक तीन. हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, की सीआरपी जास्त आला तर गोळी सुरू करू, कमी आला तर थांबू. म्हणजे बाईंच्या सहीवर धाकटा थांबला होता. त्यांच्या वडिलांनाही कोणीतरी थांबू म्हटलं होतं, आणि ते बावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. धाकटा आता एकोणपन्नासचा होता.

बाई फोन न करता आईकडे गेल्या. निरोप पोचवणं हे आईचं खातं. म्हातारी स्वयंपाकघरात कवळी पाण्यात ठेवून बिस्किट चहात बुडवत होती. तिचे दात पन्नाशीतच गेले होते, आणि आताची ही कवळी धाकट्याने बसवलेली होती. तिचा स्वभाव असा, की राग आला की भांडी आपटायची, सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि चहा होईपर्यंत विसरायची. बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, त्याला एवढा निरोप दे.

म्हातारीने बिस्किट संपवलं. "मी नाही देणार," ती म्हणाली. "मला वाईट निरोप देता येत नाही. मी बदलते."

बाईंना कळेना. मग म्हातारीने निवांतपणे कबुली दिली, की अकरा वर्षांत तिने इकडचा एकही निरोप तिकडे धड पोचवलेला नव्हता. बाई म्हणायच्या, सांग त्या माजोरड्याला. ती सांगायची, ताईने तुझी आठवण काढली. आणि तिकडून?

"तिकडून काय, तो दर रविवारी एकच विचारायचा. ताईने हिरड्या दाखवल्या का कोणाला. मी तुला सांगायची, तू कशी आहेस विचारत होता." म्हातारीने कपाच्या तळातला गाळ ढवळला. "ते सांगितलं असतं तर तू माझंही ताट सरकवलं असतंस."

बाई वाटीतल्या कवळीकडे बघत हिशोब करू लागल्या. दर रविवारी म्हणजे वर्षाला बावन्न, आणि अशी अकरा वर्षं. तेवढ्या वेळा एक माणूस त्यांच्या हिरड्यांची चौकशी करत होता आणि त्या ब्रश बदलत होत्या. त्यांना आईचा राग आला, धाकट्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. रडूही आलं. म्हातारीने दुसरं बिस्किट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रक्त काढायचं सामान पिशवीत घालून धाकट्याच्या दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट गाल धरून बसले होते. आतून धाकटा डोकावला, बाईंना पाहिलं, आणि त्याच्या हातातला प्लास्टरचा जबडा खाली पडून त्याचे दोन दात उडाले. ते त्याने उचललेही नाहीत.

बाईंनी रस्त्याने वाक्य पाठ केलं होतं. आपला नमुना, अमुक दिनांक, तांत्रिक कारणामुळे. खोलीत शिरल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. "तुझा रिपोर्ट चुकला," त्या म्हणाल्या. "मी चुकवला. मला वाटलं माझं रक्त बरोबर आणि यंत्र चूक. तुझा आकडा चारच्या वर आहे. पुन्हा बघू, पण गोळीचं आजच विचार त्यांना. बाबांचं आठवतंय ना."

धाकटा खुर्चीत बसला आणि बाही वर करू लागला. दिवसभर लोकांच्या तोंडातलं रक्त बघणारा हा गडी स्वतःला सुई टोचायची म्हटल्यावर पांढराफटक पडला. बाईंनी पट्टा आवळला, शीर शोधली. सुई आत गेली तशी त्याने मान वळवली, आणि मोकळ्या हाताने बाईंची बाही पकडली. घट्ट, चार बोटांत चुरगळून, सहा वर्षांचा असताना पकडायचा तशी. नळी भरली, कापूस लावून झाला, तरी त्याने ती सोडली नव्हती. बाईंनीही सोडवून घेतली नाही.

मग तो उठला, हात धुतले आणि खुर्चीकडे बोट केलं. "आता तू बस."

बाई म्हणाल्या, बाहेर पेशंट आहेत. तो म्हणाला, ते गाल धरून बसलेत, पळून जाणार नाहीत. बाई बसल्या. दिवा डोळ्यांवर आला. अकरा वर्षांनी त्यांनी कोणासमोर तोंड पूर्ण उघडलं.

धाकट्याने बारीक मापाची सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्यामधली फट मोजत एकेक आकडा सांगू लागला. बाजूला बसलेली पन्नाशीची मदतनीस लिहून घेत होती. चार. पाच. पाच. सहा. डावीकडे गेल्यावर सात. बाईंना आकड्यांची सवय. त्यांनी खूण करून त्याला थांबवलं आणि विचारलं, की नॉर्मल किती.

"तीनपर्यंत."

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. तळ कुठे आहे ते आता त्यांना आकड्यांत कळलं होतं, आणि आकड्यांशी त्यांनी कधी भांडण केलं नव्हतं, एकदा सोडून.

डाव्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर धाकट्याने दातांवरचं कीटण खरवडायला घेतलं. तोंडात नळी, कापूस आणि त्याची दोन बोटं असल्यामुळे बाईंना बोलता येत नव्हतं. एवढी सुरक्षित संधी त्याला अकरा वर्षांत मिळाली नव्हती. दवाखाना कसा चालला, बायको काय म्हणते, वडील गेले त्या वयाच्या जवळ आल्यापासून झोप कशी लागत नाही, सगळं तो त्यांच्या दाढांना सांगत राहिला. मग त्याने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं.

"ताई, मी तेव्हा खोटं नव्हतो बोललो," तो म्हणाला. "पण तीस माणसांत बोललो. आत बोलवून सांगायचं होतं. चुकलंच माझं."

बाईंनी डोळे मिटले. कडेने पाणी कानाकडे ओघळलं. मदतनीस बाईला वाटलं दुखतंय, तिने आणखी एका इंजेक्शनचं विचारलं. धाकटा म्हणाला, नको, बधिर झालंय सगळं.

काम चार खेपांत झालं. एक दाढ काढावी लागली, बाकीच्या वाचल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी बाईंचा आकडा एक पूर्णांक आठ आला. छान म्हणावा असा नव्हे, पण फौजेतले बरेचसे परत गेले होते. सकाळी बोटं आता लवकर मोकळी होतात. धाकट्याचा दुसरा आकडाही चारच्या वरच आला, त्याची गोळी चालू झाली, आणि त्याला रोज जिना चढायला लावायचं काम बाईंनी न मागता स्वतःकडे घेतलं. लॅबमध्ये आता फक्त कंपनीच्या बाटल्या चालतात. नॉर्मलबाई हे नाव मात्र गेलं नाही. नावं अशी जात नसतात, आणि बाईंनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला तर सगळे हसतात.

रविवारी तिघं जेवायला बसली होती. म्हातारी कुरकुरत होती, की तुम्ही दोघं परस्पर बोलता, मला या घरात काही कळतच नाही, अकरा वर्षं मान होता तो गेला. याच्यापेक्षा भांडत होतात ते बरं होतं. हे तिने इतकं मनापासून म्हटलं की बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळंच. खळखळून, मान मागे टाकून त्या हसल्या, आणि हात टेबलावरच राहिला.

समोर बसलेल्या धाकट्याने त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. सवयच ती. मग त्याने नजर ताटात वळवली.

"ताई, मीठ दे," तो म्हणाला.

बाईंनी मीठ उचललं आणि त्याच्यापासून आणखी लांब ठेवलं.

"नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "तुझा रिपोर्ट मी पाहिलाय."